रथाची चाल

गेल्या पावसाळ्यांत देवपुरांतल्या आमच्या ओसरीवर बुद्धिबळाचा एक डाव अर्ध्यावर उधळला. एका बाजूस आमचे शेजारी दादा, देशी डावांत मुरलेले. दुसऱ्या बाजूस माझा पुतण्या, शाळेंत आंतरराष्ट्रीय नियम शिकलेला. पुतण्याचें प्यादें पटाच्या पैलतीरीं उंटाच्या घरांत पोंचलें आणि त्यानें वजीर मागितला. दादा म्हणाले, "उंटाच्या घरीं गेलेलें प्यादें उंटच होतें." मुलानें नियमांचें पुस्तक आणून दाखविलें. दादांनीं तें वाचलें, चष्मा काढला आणि हलकेच विचारलें, "म्हणजे साठ वर्षें आम्हीं चुकीचाच डाव मांडला कीं काय?" मी इतिहासाचा अध्यापक, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. ग्रंथ पाहून सांगतों, असें म्हणून मीं वेळ मारून नेली. परंतु ग्रंथ उघडतांच असें दिसलें कीं, हा तंटा एका प्याद्याचा नाहीं. त्याचें मूळ रथांत आहे, आणि तो हजार वर्षें तरी चालत आला आहे.

चतुरंग म्हणजे हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांची सेना. तिचेंच लहानसें रूप पटावर आलें. आज महाराष्ट्रांतल्या पटावर हत्ती आहे, घोडा आहे, प्यादीं आहेत. शिवाय उंट आहे. पण रथ नाहीं. कोंपऱ्यांतून सरळ धांवणाऱ्या मोहऱ्यास आपण हत्ती म्हणतों, इराणांत त्यालाच रुख म्हणत आणि बंगाल्यांत तो नौका झाला. मग मूळचा रथ चालत तरी कसा होता?

पहिला साक्षीदार नवव्या शतकांतला काश्मिरी आलंकारिक रुद्रट. आपल्या काव्यालंकारांत त्यानें रथपद, तुरगपद आणि गजपद असे चित्रबंध दिले आहेत. श्लोकाचीं बत्तीस अक्षरें चार ओळींच्या अर्ध्या पटावर मांडावीं आणि त्या त्या मोहऱ्याच्या चालीनें वाचावीं. तरी तोच श्लोक निघतो. रथ आणि घोडा यांविषयीं फारसा संशय राहात नाहीं. परंतु हत्ती एक घर सरळ पुढें जातो आणि मग तिरपा मागें येतो, अशी विचित्र चाल गजपदांत दिसते. ती वाचून कोणीही लेखकाची चूक समजेल. नमिसाधूची 1069 सालची टीका आणि अल्बेरूनीनें 1030 च्या सुमारास लिहिलेलें हिंदुस्थानचें वर्णन हीं एकत्र ठेवलीं म्हणजे कोडें उलगडतें. अल्बेरूनी सांगतो कीं, येथील हत्ती एक घर पुढें किंवा चार कोनांपैकीं एका कोनांत एक घर जातो. जणूं एक सोंड आणि चार पाय. म्हणजे रुद्रट चुकला नव्हता. आपणच आपला हत्ती त्याच्या पटावर ठेवीत होतों.

परंतु हाच अल्बेरूनी फांशांनीं खेळावयाच्या चौघांच्या डावाविषयीं लिहितो, तेव्हां त्यांतला रुख तिरपा तिसऱ्या घरीं जातो! सोळाव्या शतकांत बंगालच्या रघुनंदनानें तिथितत्त्वांत जो चौघांचा डाव दिला आहे, त्यांत रथाच्या जागीं नौका आहे, आणि ती कोनाकडे दोन घरें ओलांडून जाते. सरळ धांवतो तो हत्ती. आतां दोन घरें ओलांडणें म्हणजे दुसऱ्या घरांत उतरणें कीं तिसऱ्या? स्वतःचें घर मोजावें कीं मोजूं नये? आपलें घर धरून मोजलें तर अल्बेरूनीचें तिसरें घर तेंच हें दुसरें घर ठरतें, आणि दोन्ही साक्षी जुळतात. नियम दोन शब्दांचा. पण ते शब्द मोजावयाची रीत ठाऊक नसेल तर डाव पुढें सरकत नाहीं.

सर विल्यम जोन्स यानें 1790 सालीं या खेळावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हां त्याचे पंडित राधाकांत नौकेच्या बाजूनें होते. जोन्सला तें पटलें नाहीं. हत्तीघोड्यांच्या रणांत होडीचें काय काम, असा त्याचा रोख. तर्क चांगला आहे. पण खेळणाऱ्यांनीं नौका ठेवली ती ठेवलीच. नियमाचा अर्थ लावणारा पुष्कळदां रणांगण डोळ्यांपुढें आणतो. खेळणारा मात्र पट पाहतो.

पुढें 1860 सालीं डंकन फोर्ब्स यानें चौघांचा डाव हाच मूळचा आणि पांच हजार वर्षांपूर्वींचा, असें ठरविलें. आधार काय? तर रघुनंदनाच्या उताऱ्यांत व्यास युधिष्ठिराला खेळ शिकवितात. हें ऐकून आपल्या लोकांस गुदगुल्या झाल्या तर नवल नाहीं. मलाही तरुणपणीं झाल्या होत्या. परंतु वेबर, व्हान् डर लिंडे आणि 1913 सालीं बुद्धिबळाचा मोठा इतिहास लिहिणारा मरे यांनीं ही इमारत पाडली, आणि ती पडावयास हवीच होती. वक्त्याच्या नांवावरून ग्रंथाचा काळ ठरत नाहीं. ज्या धुळ्यांत इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजीं वारले आणि ज्या गांवानें दुसऱ्याच वर्षीं त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ उभारलें, तेथल्या माणसानें तरी अस्सल साधनापेक्षां अभिमानाला मोठें मानूं नये.

दोन प्रमाणें एकमेकांशीं भांडूं लागलीं म्हणजे काय करावें, याचा विचार आपल्या मीमांसकांनीं खोलवर केला आहे. वाटेल तें घ्या, असा निव्वळ विकल्प त्यांना आवडत नाहीं. त्यांत ते आठ दोष दाखवितात. शक्य तेथें ते व्यवस्थित विकल्प मानतात: हा नियम या प्रसंगीं, तो त्या प्रसंगीं, दोन्ही खरे, मात्र आपापल्या क्षेत्रांत. ज्या नीलकंठ भट्टाचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत प्रमाण मानला जाई, त्याचें घराणें मूळचें पैठणचें आणि मीमांसेंत मुरलेलें. त्याच नीलकंठानें नीतिमयूखांत बुद्धिबळाचे नियमही लिहून ठेवले, यांत मला मोठी गंमत वाटते. धर्मशास्त्रकाराला खेळ क्षुद्र वाटला नाहीं.

पाश्चात्य देशांतही हीच अडचण आली. प्रशियाच्या राइस्व्हिट्झ यानें 1824 सालीं सेनाधिकाऱ्यांसाठीं युद्धाचा खेळ नियमबद्ध केला. नियम इतके वाढले कीं 1876 सालीं व्हेर्डी डु व्हेर्न्वा यानें बराचसा निर्णय अनुभवी पंचावरच सोंपविला. आजही टेबलावर चिमुकले रणगाडे मांडून खेळणारे लोक, वळलेल्या रणगाड्याची कोणती बाजू शत्रूसमोर आली, यावर तासन् तास वाद घालतात. रथ बदलला, तंटा तोच.

चार दिवसांनीं मीं दादांना निवाडा सांगितला. त्यांचें प्यादें उंट झालें तें खरें. पुतण्याचें वजीर झालें तेंही खरें. चूक दोघांचीही एकच झाली: कोणता डाव मांडला आहे हें विचारल्यावांचून दोघांनीं पहिलें प्यादें पुढें केलें. 1814 सालीं मुंबईंत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचें बुद्धिबळावरचें पुस्तक इंग्रजींत छापलें गेलें, तेंसुद्धां विलायती पद्धतीला जुळवून घेतलेलें आहे, असें त्याच्या मुखपृष्ठावरच सांगून. एवढा प्रामाणिकपणा पुरे असतो.

दादांनीं चष्मा पुन्हां चढविला आणि पुतण्याला विचारलें, "आज कोणता?" तो म्हणाला, "आज तुमचा." संध्याकाळपर्यंत पुतण्या दोनदां मात झाला.