पुन्हा उठणारा राक्षस

ट्रोल हा शब्द हल्ली आपल्या वर्तमानपत्रांतून वारंवार येतो, पण तो आडून शिव्याशाप देणाऱ्या माणसांविषयी. आम्हांस ज्या ट्रोलाचा इतिहास येथे सांगावयाचा आहे तो त्याहून प्रामाणिक आहे. तो समोरून येतो. संगणकावर कल्पित जगांतले जे खेळ खेळले जातात, ज्यांत खेळणारा योद्ध्याची किंवा मांत्रिकाची भूमिका घेऊन भुयारांतून आणि ओसाड गढ्यांतून हिंडतो, त्या खेळांत हा उंच, काटकुळा, हिरवट कातडीचा राक्षस भेटतो. तरवारीने त्याला आडवा करावा, चार पावले पुढे जावे, आणि मागून त्याचाच पंजा पाठीवर पडावा, असा अनुभव नवख्या खेळाडूस हटकून येतो. याच्या जखमा आपोआप भरून येतात.

हे ऐकून पुष्कळांना रक्तबीज आठवेल. त्याच्या रक्ताचा थेंब भुईला लागला की नवा दैत्य उभा राही, म्हणून चामुंडेने ते वरच्यावर पिऊन टाकले. जरासंधाची दोन शकले पुन्हा जुळू लागली तेव्हा कृष्णाने काडी चिरून तिचे भाग उलटसुलट टाकून दाखविले, ही कथा कीर्तनात कोणी ऐकली नाही? ग्रीकांच्या पुराणातही हायड्रा नावाची बहुमुखी नागीण आहे. तिचे एक मुंडके उडविले की दोन उगवत, तेव्हा हेराक्लीझच्या पुतण्याने प्रत्येक मान पेटत्या कोलिताने डागली. मारलेला शत्रू पुन्हा उठेल ही भीती फार जुनी आहे, एवढे यावरून दिसते. परंतु आमच्या ट्रोलाचे घराणे येथून काढू नये. तो मूळचा नॉर्वे-डेन्मार्ककडचा, आणि तिकडच्या लोककथांत त्याची ख्याती निराळी आहे. असब्यर्नसन आणि मू या दोघा संग्राहकांनी १८४० च्या दशकात नॉर्वेच्या लोककथा छापल्या, त्या परंपरेतला ट्रोल दांडगा आणि मंदबुद्धी असतो आणि उन्हाला भितो. ऊन लागले की तो फुटतो किंवा त्याचा दगड होतो. टॉल्किन यांच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’ मधले तीन ट्रोल असेच पहाट होताच दगड होऊन बसतात.

मग जखमा भरून येण्याची विद्या त्याला कोणी शिकविली? पोल अँडरसन या डॅनिश आईबापांच्या अमेरिकन लेखकाने. त्यांची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कथा १९५३ साली मासिकात आली आणि १९६१ साली विस्तारून पुस्तकरूपाने निघाली. दुसऱ्या महायुद्धात नाझींशी लढणारा होल्गर नावाचा एक डॅनिश इंजिनियर त्यात एकाएकी दंतकथांच्या जगात जाऊन पडतो, आणि तेथे त्याची एका ट्रोलाशी गाठ पडते. तोडलेला हात सरपटत येऊन धडाला चिकटतो, आणि कितीही घाव घातले तरी काम संपत नाही. आगीने झालेली जखम तेवढी मात्र भरून येत नाही.

हे पुस्तक गॅरी गायगॅक्स यांच्या वाचनात होते. ही असामी आम्हांस विशेष जवळची वाटते. शिकागोतली विम्याच्या कचेरीतली त्यांची नोकरी १९७० साली गेली. त्यानंतर विस्कॉन्सिन प्रांतातल्या लेक जिनिव्हा या गावी घरी बसून ते जोडे दुरुस्त करीत आणि उरल्या वेळात युद्धखेळांचे नियम लिहीत. डेव्ह आर्नेसन यांच्यासह त्यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून खेळावयाचा खेळ काढला. पहिली छपाई अवघ्या १,००० प्रतींची होती. त्यात अँडरसन यांचा ट्रोल जसाच्या तसा उतरला, आणि १९७९ साली गायगॅक्स यांनी आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या पुस्तकांची यादी छापली तीत या कादंबरीचे नाव घालून ऋण मान्य केले.

कादंबरीतून खेळात येताना मात्र एक मोठा फरक पडला. कादंबरीत लढाई एकदाच होते. खेळात ती हजार टेबलांवर हजार वेळा व्हावयाची, तेव्हा राक्षसाच्या बऱ्या होण्याचा दर ठरवावा लागला. प्राण्याच्या अंगातले बळ या खेळात ‘हिट पॉइंट’ या आकड्यांनी मोजतात. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ प्रमाणे ट्रोलाला घाव बसल्यावर तीन फेऱ्यांनी त्याचे शरीर दुरुस्त होऊ लागते आणि पुढे दर फेरीस ३ पॉइंट परत येतात. आग किंवा आम्ल यांनी केलेली इजा तेवढी कायम राहते. म्हणजे आपल्या साऱ्या घावांची बेरीज फेरीला सरासरी ३ च्या आत राहिली तर दिवसभर तरवार चालवूनही ट्रोल होता तेथेच. महागाई आणि पगारवाढ यांचा मेळ ज्यांनी घालून पाहिला आहे त्यांना हे गणित निराळे समजावून सांगावयास नको. पुढे २००० सालच्या नियमांत हा दर ५ झाला आणि २०१४ सालच्या नियमांत १०.

टेबलावर एक शहाणा माणूस पंच असतो. ट्रोल खरोखर मेला की नाही हे तो सांगतो. संगणकापाशी असा पंच नाही. पडलेल्या देहाचे काय करावयाचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आधीच ठरवून ठेवावे लागते, आणि आमच्या मते या खेळांचा खरा इतिहास या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास आहे.

१९८७ साली निघालेल्या ‘नेटहॅक’ मध्ये मेलेल्या ट्रोलाचे प्रेत तेथेच पडून राहते आणि काही वेळाने उठूही शकते. तेव्हा खेळाडूने ते खाऊन टाकावे, किंवा जवळ डबाबंदीचे साहित्य असल्यास डब्यात भरून मोकळे व्हावे! हा खेळ काही प्रोग्रॅमरांनी मिळून रचला आणि मूळ प्रोग्रॅमसकट फुकट वाटला; असला मिस्कीलपणा अशाच मंडळींना सुचतो.

कॅनडातल्या बायोवेअर कंपनीचा ‘बाल्डर्स गेट २’ २००० साली आला. त्यात नालिया नावाच्या एका उमराव मुलीचा वडिलोपार्जित किल्ला ट्रोलांनी बळकावलेला असतो. येथे ट्रोल बेशुद्ध होऊन पडतो आणि आगीचा किंवा आम्लाचा शेवटचा घाव वेळेवर न बसल्यास उठून बसतो. असे बाण किल्ल्यात सापडतात. शिवाय तेथल्या लोहारशाळेत एका गोफणवजा शस्त्राचे विखुरलेले गोळे पुन्हा जोडता येतात. या गोळ्यांपैकी एक आगीचा, एक आम्लाचा, एक थंडीचा. हत्यार शोधून, जुळवून मग लढावे, ही रचना आम्हांस आवडते. उलट २०११ च्या ‘स्कायरिम’ मधला ट्रोल नुसता भरभर बरा होतो आणि आगीला जरा अधिक भितो. मेला की मेला. तेथे प्रश्नच उरला नाही.

सर्वांत चांगले उत्तर आम्ही मुद्दाम मागे ठेवले आहे. ते १९८८ च्या ‘पूल ऑफ रेडियन्स’ चे. फ्लान हे उद्ध्वस्त शहर पुन्हा वसवावयाचे असते आणि सहा जणांच्या तुकडीने नगरसभेच्या हुकुमाने एकेक मोहल्ला राक्षसांच्या ताब्यातून सोडवावयाचा असतो. ट्रोल येथे पहिल्याच पडीक वस्तीत भेटतात. त्या वेळी तुकडी कच्ची असते. मांत्रिकाला अग्निगोलाचा मंत्र अजून यावयाचा असतो, तेव्हा आग आणावयाची कोठून? ट्रोल पडतो, काही फेऱ्या जातात, तो उठतो. मग खेळाडूंच्या ध्यानात येते की ज्या चौकोनात तो पडला त्या चौकोनात आपला माणूस उभा राहिला तर तो उठत नाही. मंत्र नको, हत्यार नको. पडल्या जागेवर पाय रोवून उभे राहावयाचे.

संपानंतरच्या सभांत आम्ही वर्षानुवर्षे जे घसा फोडून सांगत आलो ते येथे कोणा अनोळखी प्रोग्रॅमरने चौकोन आखून दाखविले आहे. करारावर सह्या झाल्या, गुलाल उधळला की माणसे घरोघर जातात, आणि सहा महिन्यांनी मोडून काढलेली जुनी प्रथा नवे नाव घेऊन खात्यात हजर होते. तिच्या जागेवर उभे राहावयास कोणी उरलेले नसते.

पण उभे राहण्याला किंमत पडते आणि हा खेळ ती लपवीत नाही. चौकोनात उभा असलेला माणूस हलू शकत नाही. शेजारी येईल त्याच्याशीच त्याने लढावयाचे. पलीकडे मांत्रिक एकटा सापडला तरी त्याला धावून जाता येत नाही, कारण पाऊल उचलले की खालचा उठतो. तीन ट्रोल पडले की सहांपैकी तीन माणसे खिळली, आणि उरलेली लढाई तिघांवर आली. म्हणून जाणता खेळाडू आधी माणसे पेरतो: कोणता ट्रोल कोठे पडावा, त्यावर कोणी पाय ठेवावा आणि मोकळे कोणी राहावे. चांगले चिलखतवाले जागा धरतात, चपळ माणसे पुढे जातात. अखेरचा उभा ट्रोल ज्या फेरीत आडवा होतो त्या फेरीत बाकीचे सगळे अजून पायांखाली दाबलेले असतील, तर लढाई तेथेच थांबते आणि ते सारे एकदम मेलेले धरले जातात.