टरफलातल्या तेलाचं कूळ

पेडणे-डिचोलीच्या डोंगरांवर काजूचे बोंडू तुडवायला घेतले की महिना-दोन महिने बोलणं हुर्राक आणि फेणीचंच. पिळून काढलेली बी अंगणात वाळत पडते आणि तिच्याकडे लक्ष जातं ते दर ठरताना. त्या बीच्या टरफलात एक दाट, तपकिरी तेल असतं. त्याची कुळकथा मला फेणीहून मोठी वाटते.

काजू मूळचा ईशान्य ब्राझीलचा. 16व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला. गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला, त्यात काजू नाही. 1578 मध्ये क्रिस्तोव्हाव द कोस्ताने मात्र कोचीनला पाहिलेलं झाड वर्णिलं आहे.

तेलाचे भाऊबंद मात्र इथे आधीपासून नांदत होते. धोबी कपड्यांवर खूण करत तो बिब्बा आणि देठ मोडताच उडणारा आंब्याचा चीक, दोन्ही याच कुळातले. जपानी लाखही त्यातलीच. सगळ्यांच्या रेणूची घडण सारखी: एका टोकाला फिनॉलचं कडं आणि त्याला जोडलेली कार्बनची लांब शेपटी. काजूत ती पंधरा कार्बनची असते.

खरी करामत शेपटीची. तिच्यातले सगळे बंध एकेरी असते तर टरफलात तेलाऐवजी मेण सापडलं असतं. पण काजूतल्या बहुतेक शेपट्यांत एक, दोन किंवा तीन दुहेरी बंध असतात, म्हणजे त्या अल्कीन आहेत. दुहेरी बंधापाशी शेपटी वाकते आणि तिथे तिला फिरता येत नाही. वाकड्या शेपट्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत, म्हणून तेल वाहतं राहतं. दुहेरी बंधाच्या जोडीतला एक बंध मुळात कमकुवत, कुणी हात दिला की उघडणारा. शिवाय दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज निघतो. हवेतला ऑक्सिजन तिथे घुसतो, शेपट्या एकमेकींत गुंततात आणि तेलाचं कडक पटल होतं. जवसाचं तेल सुकतं तेही असंच. कोकणात होड्यांना काजूचं तेल लावत आले ते याच गुणामुळे.

हाच गुण हातावर उलटतो. परसात भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया भाजताना टरफल तडकतं, तेल भुरकन पेट घेतं आणि काळा धूर डोळ्यांत जातो. मग बिया राखेत लोळवून फोडायच्या. कच्ची बी फोडली तर बोटं उततात, कातडी सोलवटते. या कुळात शेपटीतले दुहेरी बंध वाढले की कातडीवरचा दाहही सहसा वाढतो. काजूगराच्या किमतीत बिया फोडणाऱ्या बायकांच्या बोटांचा हिशेब कधी धरला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

1847 मध्ये स्टेडेलर या जर्मन रसायनज्ञाने टरफलातलं आम्ल वेगळं केलं, ते अ‍ॅनाकार्डिक आम्ल. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डनॉल उरतं. बिया भाजताना हेच घडत असतं. 1920च्या दशकात अमेरिकेत मॉर्टिमर हार्वे यांनी या तेलापासून राळ बनवण्याच्या रीती शोधल्या. फॉर्माल्डिहाइड कडी जोडतं, दुहेरी बंध शेपट्या जोडतात आणि तापलं तरी न वितळणारा घट्ट पदार्थ तयार होतो. त्याची भुकटी मोटारींच्या ब्रेक-लायनिंगमध्ये जाऊ लागली, ती आजही जाते.

उलट प्रयोगही पाहण्यासारखा आहे. निकेलसारख्या उत्प्रेरकावर कार्डनॉलला हायड्रोजन दिला की दुहेरी बंध भरून निघतात, शेपट्या सरळ होतात आणि लालसर तेलाचा पांढरा घन पदार्थ होतो. तो 50 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो. डिचोलीत झांट्यांसारखं काजूच्या धंद्यातलं जुनं नाव आहे, पेडण्यात काजूचे डोंगर आहेत. हा प्रयोग इथल्या पोरांनी इथल्याच टरफलांवर करावा आणि टरफलं चुलीत घालण्याआधी त्यातलं तेल काढून घ्यावं.