सौरवारा, प्रोटॉन आणि न दिसणारा ध्रुवीय प्रकाश : मोबाईल बंद ठेवायची गरज आहे का?

परभणी : ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद ठेवा, अंतराळातून घातक किरण येणार आहेत,’ असा मेसेज गावागावांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून फिरतच असतो. हा मेसेज खोटा आहे. पण सूर्याकडून कण येतात, ही गोष्ट मात्र खरी आहे. ते कण येतात कसे, येऊन काय करतात आणि आपल्या शिवारापर्यंत त्यांचं काय पोहोचतं, याची ही माहिती.

सौरवारा म्हणजे काय?

सूर्यातून फक्त ऊन येत नाही. त्याच्या बाहेरच्या तापलेल्या थरातून विजेचा भार असलेले बारीक कण रात्रंदिवस बाहेर फेकले जातात. यालाच सौरवारा म्हणतात. यात इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन हे मुख्य कण. हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन निघून गेला की उरतो तो प्रोटॉन.

सौरवाऱ्याचा नेहमीचा वेग सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर. परभणी ते मुंबई सरळ रेषेत जवळपास एवढंच अंतर आहे, म्हणजे एका सेकंदात मुंबई! तरीही सूर्य १५ कोटी किलोमीटर लांब असल्यामुळे या वाऱ्याला पृथ्वीपर्यंत यायला चारेक दिवस लागतात. सूर्यावर मोठा स्फोट झाला तर वेग वाढतो आणि कण एक-दोन दिवसांतही पोहोचतात.

पृथ्वीचा बांध

पृथ्वी म्हणजे एक मोठा लोहचुंबकच. तिच्याभोवती चुंबकीय कवच आहे. रानातला बांध जसा वाहतं पाणी वळवतो, तसं हे कवच सौरवारा बाजूने वळवून देतं. त्यामुळे बहुतेक प्रोटॉन आत येतच नाहीत. जे येतात ते मुख्यतः दोन प्रकारे.

१) बांध फुटणं : सौरवारा आपल्याबरोबर सूर्याचं चुंबकीय क्षेत्रही घेऊन येतो. त्याची दिशा दक्षिणेकडे असली, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलटी, की दोन्ही क्षेत्रं एकमेकांना जोडली जातात. मग कवचात वाट मोकळी होते आणि प्रोटॉन थेट ध्रुवाजवळच्या हवेत उतरतात.

२) बांध दबणं : सौरवाऱ्याचा जोर एकदम वाढला की कवच आत दाबलं जातं. आत आधीपासून अडकून फिरणारे प्रोटॉन यामुळे खवळतात. चुंबकीय लहरी उठतात आणि त्यांच्या धक्क्याने काही प्रोटॉन वाट सोडून खाली हवेत पडतात.

प्रोटॉनचा उजेड वेगळा कसा?

नॉर्वे, कॅनडाच्या फोटोंत आकाशात हिरवे-लाल पडदे हलताना दिसतात. तो ध्रुवीय प्रकाश इलेक्ट्रॉनमुळे होतो. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला धडकतात आणि ऑक्सिजन उजळतो.

प्रोटॉनचं तसं नाही. हवेत शिरला की तो तिथल्या अणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि स्वतः हायड्रोजनचा अणू बनतो. आता त्याच्यावर भार नाही, त्यामुळे चुंबकीय रेषा त्याला धरून ठेवू शकत नाही. तो आडवातिडवा भरकटतो. पुढच्या धडकेत इलेक्ट्रॉन सुटतो, परत पकडला जातो. असं अनेकदा होतं आणि या गडबडीत तो हायड्रोजनचा खास लाल आणि निळसर प्रकाश देतो. हा उजेड लांबवर पसरलेला आणि फिका असतो. साध्या डोळ्यांना तो बहुतेक वेळा दिसतच नाही, यंत्रानेच पकडावा लागतो. लार्स वेगार्ड या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १९३९ मध्ये ध्रुवीय प्रकाशात हायड्रोजनची ही खूण पहिल्यांदा नोंदवली.

महत्त्वाचं म्हणजे हे सगळं जमिनीपासून शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर घडतं. हे प्रोटॉन तिथल्या हवेतच थांबतात. आपल्या खिशातल्या मोबाईलपर्यंत येत नाहीत.

महाराष्ट्रातल्या नोंदी

परभणीतून हा प्रकाश दिसत नाही. पण सौर वादळाचा माग आपल्या राज्यात फार जुन्या काळापासून ठेवला जातो. वादळात प्रोटॉन आणि इतर कण पृथ्वीभोवती कड्यासारखे फिरू लागतात. त्या कड्यातल्या विद्युतप्रवाहामुळे जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र घटतं. २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत अशी घट सुमारे १६०० नॅनोटेस्ला नोंदवली गेली. मे २०२४ च्या मोठ्या वादळात जगभरातल्या नोंदींवरून काढलेली घट ४०० च्या आसपास होती. यावरून १८५९ च्या वादळाची ताकद कळते.

४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर मुंबईच्या आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसल्याची बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात आली होती. मुंबई-एडन तारसेवाही त्या वेळी विस्कळीत झाली होती. पुढे मुंबईत विजेवरच्या ट्रामगाड्या येणार होत्या. त्यांच्यामुळे नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. आज पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ते पाहते.

१० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हानले इथे आकाश लालसर झालं होतं. तो लाल रंग मात्र मुख्यतः ऑक्सिजनचा होता, प्रोटॉनचा नव्हे.

आता भारताचं आदित्य-एल१ हे यानही पाळतीवर आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी ते सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ रोजी १५ लाख किलोमीटरवरच्या ठिकाणी पोहोचलं. त्यावरचं ‘ॲस्पेक्स’ हे उपकरण सौरवाऱ्यातले प्रोटॉन मोजतं. तिथून वारा पृथ्वीवर यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. इशारा द्यायला तेवढाच वेळ हाती असतो.

शेतकऱ्यांचा संबंध काय?

सौर वादळात वरच्या हवेतला विजेचा थर ढवळून निघतो. उपग्रहाचा सिग्नल याच थरातून खाली येतो, त्यामुळे जीपीएसचं ठिकाण चुकू शकतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेत मक्याच्या पेरणीचे दिवस होते. तिथे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अनेक शेतांत थांबवावे लागले.

आपल्याकडे जमिनीची मोजणी आता रोव्हरने होते आणि फवारणीला ड्रोन आले आहेत. दोन्ही उपग्रहांच्या सिग्नलवर चालतात. बांधाच्या वादात एक-दोन फुटांचा फरकही भाऊबंदकी पेटवायला पुरतो, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

काय करावं, काय नको

• मोबाईल बंद ठेवायची गरज नाही. असा मेसेज पुढे पाठवू नका.
• मोजणीच्या वेळी रोव्हरवर ‘फिक्स’ आल्याशिवाय खूण घेऊ देऊ नका. ‘फ्लोट’ दाखवत असेल तर थांबायला सांगा.
• मोठ्या सौर वादळाची बातमी असेल त्या दिवशी ड्रोन फवारणी पुढे ढकला. ड्रोन हवेत भरकटायला लागला तर लगेच खाली उतरवा.
• गावातली लाईट गेली तर आधी डीपी बघा. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडाच्या क्युबेक प्रांतात सौर वादळाने सुमारे नऊ तास वीज घालवली होती हे खरं, पण तो भाग ध्रुवाजवळचा आहे. आपल्याकडे रोज जाणाऱ्या लाईटीचा दोष सूर्याला देता येणार नाही.