स्तोत्र २३

स्तोत्र २३ अथवा तेविसावे स्तोत्र हे बायबलच्या जुन्या करारातील स्तोत्रसंहिता या ग्रंथामधील सहा वचनांचे एक लघुगीत आहे. परमेश्वर हा मेंढपाळ व भक्त हे त्याच्या कळपातील मेंढरू, तसेच परमेश्वर हा यजमान व भक्त हा त्याचा पाहुणा, अशा दोन रूपकांवर त्याची उभारणी झाली आहे. ज्यू व ख्रिस्ती या दोन्ही धर्मपरंपरांत आजारपण, वियोग, स्थलांतर, विवाह, वार्धक्य व मृत्यू अशा स्थित्यंतराच्या प्रसंगी सांत्वनासाठी ते वाचले, गायिले अथवा मुखोद्गत म्हटले जाते. आज ते मुख्यत्वे अंत्यविधीचे स्तोत्र म्हणून परिचित आहे. प्रारंभीच्या शतकांतील चर्चमध्ये मात्र त्याचा संबंध बाप्तिस्म्याशी, म्हणजे नव्या जीवनाच्या आरंभाशी, जोडला जात असे.

नाव व क्रमांक

स्तोत्रसंहितेत एकूण १५० स्तोत्रे असून ती पाच भागांत विभागलेली आहेत. हे स्तोत्र पहिल्या भागात (स्तोत्रे १ ते ४१) येते. हिब्रू संहितेत त्याचा क्रमांक २३ आहे. सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात व त्याला अनुसरणाऱ्या व्हल्गेट या लॅटिन बायबलमध्ये नववे व दहावे स्तोत्र एकत्र केलेले असल्यामुळे तेथे त्याचा क्रमांक २२ होतो. जुन्या लॅटिन व ग्रीक ग्रंथांतील संदर्भ पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

कर्तृत्व व काळ

स्तोत्राच्या शीर्षकात दावीद राजाचे नाव आहे. परंपरेने दाविदालाच त्याचा कर्ता मानले असून, बालपणी मेंढरे राखणाऱ्या दाविदाच्या अनुभवाशी त्यातील चित्रांचा मेळ घातला जातो. मूळ हिब्रू शीर्षकातील उपपदाचा अर्थ ‘दाविदाचे’, ‘दाविदासाठी’ अथवा ‘दाविदाविषयी’ असा कोणताही होऊ शकतो. त्यामुळे आधुनिक अभ्यासक केवळ शीर्षकावरून कर्तृत्व सिद्ध झाले असे मानत नाहीत. अखेरच्या वचनात परमेश्वराच्या घराचा उल्लेख आहे. तो मंदिराला उद्देशून आहे असे मानल्यास रचना मंदिर उभारले गेल्यानंतरची ठरते. निश्चित काळाविषयी एकमत नाही.

जर्मन अभ्यासक हर्मान गुंकेल यांनी स्तोत्रांचे प्रकार पाडले. त्या वर्गीकरणानुसार हे ‘विश्वासगीत’ होय. विलापगीतात भक्त संकटाचे गाऱ्हाणे मांडतो व अखेरीस विश्वास प्रकट करतो. विश्वासगीतात तो अखेरचा भागच स्वतंत्र गीत होऊन येतो. त्यामुळे संकटाचा उल्लेख येथे आहे, परंतु तक्रार नाही.

रचना

स्तोत्राचे दोन भाग पडतात. पहिल्या चार वचनांत मेंढपाळाचे रूपक आहे, तर अखेरच्या दोन वचनांत यजमानाचे. परमेश्वराचे नाव केवळ दोनदा, पहिल्या व अखेरच्या वचनात येते. संपूर्ण गीत जणू त्या दोन उच्चारांच्या कवेत सामावलेले आहे.

शीर्षक वगळता मूळ हिब्रू संहितेत ५५ शब्द आहेत. परमेश्वराच्या सोबतीची ग्वाही देणारे तीन शब्द त्यांच्या नेमके मध्यभागी असून त्यांच्या आधी २६ व नंतर २६ शब्द येतात. हिब्रू अक्षरांच्या संख्यामूल्यांनुसार परमेश्वराच्या नावाचे मूल्यही २६ होते. ही योजना हेतुपुरस्सर असावी असे काही अभ्यासक मानतात.

याच ठिकाणी व्याकरणातही एक महत्त्वाचा पालट घडतो. पहिल्या तीन वचनांत भक्त परमेश्वराविषयी तृतीय पुरुषात बोलतो. हिरवी कुरणे व शांत पाणी यांचे वर्णन ‘तो’ या सर्वनामाने होते. अंधाऱ्या दरीत शिरताच ‘तो’चा ‘तू’ होतो. ज्याच्याविषयी आजवर बोलणे चालले होते त्याच्याशीच संकटसमयी बोलणे सुरू होते. स्तोत्राच्या सांत्वनपर सामर्थ्याचे मर्म अनेक भाष्यकारांनी या पालटात पाहिले आहे.

आशय

पहिल्या वचनात मेंढपाळाच्या देखरेखीखाली कशाचीही उणीव भासणार नाही, असा विश्वास प्रकट होतो. पुढे चारा, पाणी, विसावा व योग्य वाट या मेंढराच्या मूलभूत गरजांची पूर्तता वर्णिलेली आहे. चौथ्या वचनात मार्ग गर्द अंधाराच्या दरीतून जातो. दरी टळत नाही व तिच्यातील धोकाही नाहीसा होत नाही. नाहीशी होते ती भीती. पाचव्या वचनात शत्रूंच्या डोळ्यांदेखत भोजनाची पंगत मांडली जाते, मस्तकाला तेल लावले जाते व प्याला काठोकाठ भरला जातो. येथेही शत्रू निघून गेलेले नाहीत. सहाव्या वचनात चांगुलपणा व दया आयुष्यभर पाठीशी राहतील आणि परमेश्वराच्या घरी वास घडेल, अशी खात्री व्यक्त होते.

राजाला मेंढपाळ म्हणण्याची प्रथा प्राचीन पश्चिम आशियात रूढ होती. बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या विधिसंहितेच्या प्रस्तावनेत स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवतो. जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात स्वार्थी राज्यकर्त्यांना वाईट मेंढपाळ म्हणून दूषण दिलेले आहे. म्हणून ‘मेंढपाळ’ या शब्दात केवळ वात्सल्य नसून संरक्षणाची राजकीय जबाबदारीही अभिप्रेत आहे.

मेंढपाळाच्या हातातील दोन वस्तूंना हिब्रूत दोन वेगळे शब्द आहेत. एक श्वापदांना हाकलण्याचा सोटा, तर दुसरी चालताना आधार देणारी काठी. पावसाळा संपल्यावर पठारावरून कोकणाकडे कळप नेणारे व मृगाच्या सुमारास परतणारे धनगर महाराष्ट्राला परिचित आहेत. काठी, रात्रीची राखण व लांडग्याचे भय हे सारे मराठी वाचकाच्या प्रत्ययास येण्याजोगे आहे. चराऊ कुरण एका जागी कायम टिकत नाही, म्हणून मेंढपाळाचे जीवन सतत पुढे सरकत राहणारे असते. या गीतातील सांत्वनही वाटेवर असलेल्यांचे आहे.

शब्दार्थाचे प्रश्न

स्तोत्र मरणाऱ्यांसाठी आहे की जगणाऱ्यांसाठी, हा प्रश्न बराचसा तीन-चार शब्दांच्या अर्थावर अवलंबून आहे.

त्साल्मावेथ: चौथ्या वचनातील दरीचे विशेषण. ‘छाया’ व ‘मृत्यू’ या दोन शब्दांचा तो समास मानून सेप्टुआजिंटने ‘मृत्युछाया’ असा अर्थ केला व तोच युरोपीय भाषांत रूढ झाला. अनेक आधुनिक अभ्यासक तो ‘काळोख’ या अर्थाच्या धातूपासून आलेला मानून ‘निबिड अंधार’ असा अर्थ करतात. दुसरा अर्थ घेतल्यास दरीमध्ये केवळ मृत्यू नव्हे, तर प्रत्येक अंधारा कालखंड समाविष्ट होतो.

नेफेश: तिसऱ्या वचनातील या शब्दाचे भाषांतर सामान्यतः ‘आत्मा’ असे होते. हिब्रूत मात्र तो प्राण, जीव, कंठ अशा अर्थांनीही येतो. थकलेल्या जिवात पुन्हा जीव येणे, हा भाव मूळ शब्दाला अधिक जवळचा आहे.

नाहाम: चौथ्या वचनातील ‘धीर देणे, सांत्वन करणे’ या क्रियापदाचा धातू. नहूम व नहेम्या ही बायबलमधील विशेषनामे याच धातूपासून बनली आहेत.

रादाफ: सहाव्या वचनातील क्रियापद. त्याचा नेहमीचा अर्थ ‘पाठलाग करणे’ असा असून शत्रू पाठीस लागतात तेव्हाही तेच योजले जाते. येथे पाठलाग करणारे शत्रू नसून चांगुलपणा व ‘हेसेद’, म्हणजे करारनिष्ठ प्रेम, आहे.

अखेरच्या वचनात पारंपरिक हिब्रू स्वरचिन्हांनुसार ‘मी परत येईन’ असा, तर ग्रीक भाषांतरानुसार ‘मी राहीन’ असा अर्थ निघतो. त्याच वचनातील कालवाचक शब्दप्रयोगाचा अक्षरशः अर्थ ‘दिवसांची दीर्घता’ असा आहे. तो मृत्यूनंतरच्या शाश्वत वास्तव्यापेक्षा दीर्घ आयुष्याकडे अधिक निर्देश करतो. ख्रिस्ती परंपरेने त्यात अनंत जीवनाची आशा पाहिली आहे.

ज्यू परंपरेतील स्थान

शब्बाथच्या तिसऱ्या भोजनप्रसंगी हे स्तोत्र गाण्याची प्रथा ज्यू समाजात आहे. अंत्यविधीत व मृतांच्या स्मरणार्थ होणाऱ्या यिझकोर प्रार्थनेतही त्याचे पठण होते. अशा रीतीने पंगतीचा आनंद व वियोगाचे दुःख या दोहोंच्या प्रसंगी एकच गीत म्हटले जाते.

ख्रिस्ती परंपरेतील स्थान

प्रारंभीचे चर्च व बाप्तिस्मा

नव्या करारातील योहानकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो. त्यामुळे ख्रिस्ती वाचकांनी तेविसाव्या स्तोत्रातील मेंढपाळ म्हणजे ख्रिस्त असा अर्थ घेतला. खांद्यावर मेंढरू घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र रोममधील भूमिगत दफनस्थळांत आढळते. सीरियातील दूरा-युरोपोस येथे तिसऱ्या शतकातील गृहचर्च सापडले आहे. तेथे बाप्तिस्म्याच्या कुंडावरील भिंतीवरही असेच चित्र होते.

चौथ्या शतकातील जेरुसलेमचा बिशप सिरिल याच्या नावावरील प्रवचने नवदीक्षितांना उद्देशून आहेत. त्यांत स्तोत्रातील पंगत, तेल व प्याला यांचा संबंध प्रभुभोजन व अभ्यंग या संस्कारांशी जोडलेला आहे. मिलानचा बिशप अँब्रोज यानेही अशाच प्रकारे अर्थ लावला. जुने जीवन मागे टाकून नव्या समुदायात प्रवेश करणाऱ्या माणसाचे ते गीत होते.

अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या सुधारित सामायिक पाठावलीत पुनरुत्थानकाळाच्या चौथ्या रविवारी दरवर्षी हेच स्तोत्र नेमलेले आहे. हा दिवस उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून ओळखला जातो.

अंत्यविधी व सार्वजनिक शोक

अंत्यविधीशी या स्तोत्राचा आजच्याइतका दृढ संबंध सर्वत्र पूर्वापार नव्हता. चर्च ऑफ इंग्लंडच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातील दफनविधीत स्तोत्रे ३९ व ९० यांची योजना आहे, तेविसाव्याची नाही. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत इंग्रजीभाषक देशांत ते शोकप्रसंगी विशेष लोकप्रिय झाले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच रात्री राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यातील चौथे वचन उद्धृत केले.

स्कॉटलंडच्या १६५० च्या स्तोत्रसंग्रहातील त्याचे छंदोबद्ध रूप ‘क्रिमंड’ या चालीवर गायिले जाते. राजकन्या एलिझाबेथ यांच्या २० नोव्हेंबर १९४७ रोजी झालेल्या विवाहात ते गायिले गेले आणि १९ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ दुसऱ्या यांच्या अंत्यविधीतही. दोन्ही विधी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये झाले.

सांत्वनाचे स्वरूप व मर्यादा

अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रुगमन यांनी १९८४ च्या ‘द मेसेज ऑफ द साम्स’ या ग्रंथात स्तोत्रांची तीन गटांत मांडणी केली. घडी बसलेल्या जीवनाची स्तोत्रे, घडी विस्कटल्यावरची स्तोत्रे व नव्याने घडी बसल्यावरची स्तोत्रे, असे हे गट होत. तेविसावे स्तोत्र ते तिसऱ्या गटात घालतात. या मांडणीनुसार त्यातील शांती ही अंधाराचा अनुभव घेऊन आलेल्या माणसाची आहे. तिला भोळा आशावाद म्हणता येत नाही.

शोकाच्या पहिल्या आघातात हे स्तोत्र घाईने पुढे केल्यास दुःखिताचे रडणेच दडपले जाण्याचा धोका असतो. स्तोत्रसंहितेतील क्रम या दृष्टीने बोलका आहे. लगतचे बाविसावे स्तोत्र देवाने टाकून दिल्याच्या आर्त हाकेने सुरू होते, व शुभवर्तमानांनुसार क्रूसावरील येशूच्या तोंडी तीच हाक आहे. ईयोबाचे मित्रही प्रथम सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मूकपणे बसून राहिले. ते बोलू लागल्यावरच त्यांचे सांत्वन त्याला असह्य झाले. म्हणून विलाप व विश्वास या दोन्ही प्रकारच्या स्तोत्रांना सांत्वनाच्या वाचनात स्थान दिले जाते.

मेंढराचे रूपक माणसाला परावलंबी ठरवते, असाही आक्षेप घेता येतो. मात्र उत्तरार्धात भक्त मेंढरू राहत नाही. तो सन्मानाने पंगतीस बसवलेला पाहुणा होतो.

संगीत

योहान सेबास्टियन बाख यांनी १७३१ मध्ये या स्तोत्रावरील जर्मन भक्तिगीताच्या आधारे एक कँटाटा (क्रमांक ११२) रचला. फ्रान्झ शुबर्ट यांनी १८२० मध्ये मोझेस मेंडेल्सझोन यांच्या जर्मन भाषांतराला स्त्रीस्वरांसाठी चाल दिली. चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाक यांनी मायदेशापासून दूर न्यूयॉर्कमध्ये असताना मार्च १८९४ मध्ये ‘बायबलगीते’ रचली. त्यांतील चौथे गीत हे स्तोत्र आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या वडिलांचे निधन झाले. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या १९६५ च्या ‘चिचेस्टर साम्स’ या रचनेत एक बालस्वर ते मूळ हिब्रूत गातो. मध्येच पुरुषस्वरांत दुसऱ्या स्तोत्रातील राष्ट्रांच्या खळबळीचे आवेशपूर्ण गायन उसळते. त्यावरही हे स्तोत्र चालूच राहते.

मराठीत

बायबल मराठीत आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती घेतले. पुढे मुंबईत मिशनरी व मराठी पंडितांनी ते चालवले. या भाषांतरांतून तेविसावे स्तोत्र मराठी ख्रिस्ती कुटुंबांत पोहोचले.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य स्त्रियांना समजेल अशी सोपी मराठी हे त्यांचे उद्दिष्ट होते. दुष्काळात आईवडील व बहीण, पुढे भाऊ, १८८२ मध्ये पती व १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा असे वियोग त्यांनी सोसले होते. भाषांतराचे काम त्यांनी आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवले व ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’द्वारे आधुनिक मराठीत भाषांतर उपलब्ध करून दिले.

हेही पाहा

स्तोत्रसंहिता
उत्तम मेंढपाळ
ईयोबाचे पुस्तक
पंडिता रमाबाई
बायबलची मराठी भाषांतरे