बहुवारिक तंतुपट्टी
जखम झाकून ती ओलसर राखणारी, बहुवारिकाच्या अतिसूक्ष्म तंतूंची जाळीदार पट्टी (पहा : बहुवारिके). झाकून ओलसर ठेवलेली जखम लवकर भरते, हे जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवले. तंतू बहुधा इलेक्ट्रोस्पिनिंगने काढतात : सुईतून येणाऱ्या द्रावणाला हजारो व्होल्ट विद्युत् दाब दिला की धार ताणून बारीक होते, द्रावक उडतो आणि तंतू संग्राहकावर साचतात. रंध्रांतून हवा व बाष्प जातात. तंतूंत औषधही मिसळता येते. उरलेला द्रावक पेशींना अपायकारक असल्याने सुकवण्याची पायरी निर्णायक ठरते. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (स्थापना १९५०) बहुवारिकांवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. तेथील फायब्रॉइन या रेशीम-प्रथिनावरील कामातून (पहा : रेशीम) सेरिजेन ही वैद्यकीय उत्पादनांची कंपनी उभी राहिली.