छोटी लालसरी

अ‍ॅनॅटिडी कुलातील बुडी मारणारे रानबदक. शास्त्रीय नाव एथिया फेरिना. युरोपपासून सायबेरियापर्यंत वीण. हिवाळ्यात गुजरात व महाराष्ट्रातील तलाव-जलाशयांवर पाहुणे म्हणून येते. नळसरोवर, नांदूर मध्यमेश्वर व जायकवाडी येथे ते आढळते.

ओळख : लांबी ४२–४९ सेंमी. नराचे डोके व मान तांबूस-तपकिरी, छाती काळी, पाठ व कुशी राखाडी, डोळे लाल. मादी मळकट तपकिरी. तिचे डोळेही तपकिरी. चोच काळपट, तिच्यावर निळसर-राखाडी पट्टा. मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालभडक असते, तेव्हा आधी चोच पाहावी.

सवयी : पाय शरीराच्या बरेच मागे असल्याने पोहणे व बुडणे सोपे जाते, पण जमिनीवर चाल अवघडते. बुडताना पक्षी किंचित उसळी घेऊन डोके खाली घालतो आणि पायांनी पाणी मागे रेटत तळ गाठतो. पाणवनस्पतींचे कंद, कोंब, बिया, शंखशिंपले व कीटकांच्या अळ्या हे खाद्य. चरणे बहुधा रात्री. दिवसा थवे पाण्यावर झोपलेले दिसतात. उडताना थेट उसळत नाही, पाण्यावर धावत वेग घेते.

वीण : पाण्यालगतच्या दाट गवतात घरटे, ८–१० अंडी, सुमारे २५ दिवसांनी पिले बाहेर येतात.

स्थिती : २०१५ पासून जागतिक लाल यादीत ‘असुरक्षित’. पाणथळींचा ऱ्हास, शिकार व मासेमारीची जाळी ही संकटे आहेत. थवा विसावलेला असताना होडी जवळ नेऊ नये.