लिऑन फ्लायशर (तळटीप)

* लिऑन फ्लायशर (१९२८–२०२०) : अमेरिकी पियानोवादक, आर्टुर श्नाबेल यांचे शिष्य. १९५२ साली ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत पहिले आले. ऐन उमेदीत, १९६०च्या दशकाच्या मध्यावर, त्यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी आपोआप आत वळू लागली. ‘फोकल डिस्टोनिया’ हा मज्जासंस्थेचा विकार. मग राव्हेलच्या कॉन्चेर्तोसारख्या, केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना ते वाजवू लागले. बाल्टिमोरच्या पीबडी कॉन्झर्व्हेटरीत ते १९५९पासून शिकवत होतेच. पण आता वाजवून दाखवणे खुंटल्यावर तालीम शब्दांतून देणे भाग पडले, आणि माझ्या मते त्यांच्यातला थोर गुरू इथेच घडला. आन्द्रे वॉट्स, येफिम ब्रॉन्फमन हे त्यांचे विद्यार्थी. पुढे उपचारांनी उजवा हात बराच सावरला आणि २००४ साली ‘टू हॅण्ड्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. वाचकांनी ती जरूर ऐकावी. – संपा.